बिनघराचा उंबरठा

थांबा, पाय उचलू नका. त्या दगडावरून तसंच पलीकडे जायचं नसतं. चढून आलात, आधी जरा टेका. तांब्यात धन्याजिऱ्याचं पाणी आहे, ते घोट घोट घ्या. चढ चढून आल्याबरोबर गार पाणी घटाघटा ढोसायचं नसतं, हे तुमच्याकडे कुणी सांगत नाही वाटतं.

हं, आता बघा. करंबाळे गावातून भैरोबाच्या डोंगराकडे ही पायवाट निघते आणि बरोबर या आंब्याखाली हा लांबोडका काळा दगड आडवा पडलाय. मधोमध झिजून गुळगुळीत झालाय, दोन्ही टोकांना हळदीकुंकवाची बोटं आहेत. येणारा प्रत्येकजण विचारतो, इथं कुणाचं घर होतं? भिंती कुठं गेल्या, जोतं कुठं गेलं? तर इथं घर कधीच नव्हतं. भिंत नाही, चौकट नाही, नुसता उंबरठा. आम्ही याला बिनघराचा उंबरठा म्हणतो. आणि आंब्यावरून त्या ज्या सुतळ्या लोंबताहेत ना, त्या सुतळ्या नव्हेत. ती वेल आहे. तुमच्याकडे तिला गुळवेल म्हणतात. आमच्या गावात तिला कारभारी म्हणतात.

हसा, पहिल्यांदा सगळेच हसतात. आमच्याकडची बाई सकाळी उठून शेजारणीला सांगते, "कारभाऱ्यांना उकळायला ठेवलंय, जरा बघ गं," आणि नवखा पाहुणा ऐकून अंगणातच थबकतो. वेलीला कारभारी का म्हणतात आणि रानात उंबरठा कसा आला, या दोन्हींची गोष्ट एकच आहे. माझ्या सासूनं मला सांगितली, तिला तिच्या सासूनं. खरीखोटी भैरोबाला ठाऊक.

असं सांगतात की पूर्वी करंबाळ्यात औषध देणारं एकच घर होतं, भिवराईचं. औषध म्हणजे काही मोठी विद्या नव्हे. रोजच्या खाण्यापिण्यातलंच सगळं. नाचणीची आंबील, कुळथाचं कढण, सुंठीचा तुकडा, ओव्याची पुरचुंडी, भारंगीचा पाला, हिरड्याची पूड. भिवराई तरुणपणीच विधवा झाली होती आणि घर तिनंच चालवलं होतं. पुढं तिचा मुलगा हाताशी आला. त्याची तऱ्हाच वेगळी. कुणी पोट धरून दारात आला की हा औषधाच्या फळीकडं बघायचाच नाही. आधी विचारायचा, "काल काय जेवलास?" माणूस आढेवेढे घ्यायचा. मग हळूच सांगायचा, की फणस खाल्ला, वर ताक प्यायलो, मग मेव्हणा आला म्हणून त्याच्याबरोबर परत जेवलो. "मग आज जेवू नकोस," एवढंच औषध. अर्धं गाव म्हणे असंच बरं व्हायचं आणि चिडूनही असायचं, कारण उपाशी राहायला सांगणारा माणूस कुणाला आवडतो?

पण ताप चढला, अंग मोडून आलं, की मग हीच वेल. तिची कांडी ठेचून, रात्रभर भिजवून, सकाळी उकळून द्यायची. कडूजहर असते. वेलीची खोड अशी, की ती तोडली तरी मरत नाही. कांडी तोडून खुंटीला टांगून ठेवा, महिन्यानं बघा, तिला बारीक हिरवा कोंब आलेला असतो. म्हणून जुनी माणसं तिला अमृता म्हणायची.

आणि मुलाचं नावही तेच होतं. भिवराईची आधीची बाळं जगली नव्हती. हा पोटात असताना ती या आंब्याखाली येऊन बसायची. वेलीला म्हणायची, "तुझं नाव ठेवीन, पण तुझी खोड याला लाव." मुलगा झाला, जगला, अंगानं चांगला दांडगा झाला. अमृता. मी नाव घेतेय, कारण ते माझे कुणी लागत नाहीत. घेणारीला अवघड गेलं, तीच तर गोष्ट आहे.

त्या घराची एक रीत होती. कुठलीही पालामुळी अशी चालता चालता ओरबाडायची नाही. आदल्या सांजेला तिच्यापाशी जायचं, हळदीकुंकू लावायचं, चार अक्षता वाहायच्या, आणि नाव घेऊन आवतण द्यायचं, की उद्या आमच्या घरी ये, अमक्याला बरं वाटत नाही. पाहुण्याला बोलावतो ना, तसंच. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना जाऊन घेऊन यायचं. न बोलावता आणलेली मुळी नुसतं लाकूड असते, तिला गुण नसतो, अशी समजूत. आणि आवतण औषध देणाऱ्या घराच्याच तोंडून जायला हवं, दुसऱ्याच्या नाही.

अमृता वेलीला बोलवायला यायचा तेव्हा त्याची बायको हौसा मागं तबक घेऊन उभी असायची. तो हाक मारायचा, "अमृता, उद्या घरी ये गं." स्वतःच्याच नावानं वेलीला हाक. हौसा पदर तोंडाला लावून हसायची. ती सगळं शिकली होती. कुठली मुळी कधी काढायची, काढा किती आटवायचा, बाळंतिणीला काय, म्हाताऱ्याला काय. दळणकांडण तर तिच्याच हातचं. फक्त वेलीला आवतण तिनं कधी दिलं नव्हतं. देणार कसं? नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं त्या काळी पक्कं मानत. एरवी बायका अहो म्हणत, कारभारी म्हणत, ठमीचा बाबा म्हणत. ठमी ही त्यांची लेक, तेव्हा जेमतेम बोलायला लागलेली.

एकदा तो म्हणाला म्हणे, "आज तू बोलव."

"मी नाही बाई."

"माझ्या माघारी काय करशील?"

"तुम्ही कशाला जाल माघारी," असं म्हणून हौसा तबक घेऊन पुढं चालू लागली.

त्या वर्षी भादव्यात खालून, कोकणातल्या गावातून, बोलावणं आलं. तिथं घराघरात ताप होता. अमृतानं वेलीची कांडी खांद्यावर टाकली, घोंगडी घेतली आणि घाटाची वाट धरली. दुसऱ्या दिवशी घाटात दरड कोसळली. वाट गेली, झरा गेला, वाटेवरचा मारुतीही गेला. गावकरी दोरखंड घेऊन उतरले. चिखलात त्याची घोंगडी सापडली. माणूस सापडला नाही.

तो दरडीच्या आधी खाली पोचला की दरडीखाली गेला, हे सांगणारं कुणीच नव्हतं, कारण वाटच राहिली नव्हती. जाणती माणसं म्हणाली, दर्भाचा पुतळा करून अग्नी देऊ या, आत्म्याला वाट मिळू दे. भिवराई हो म्हणाली. हौसा नाही म्हणाली. "ते येतील," एवढंच बोलली आणि ठमीला मांडीवर घेऊन बसून राहिली.

भिवराईनं घोंगडी धुतली, वाळवली, घडी करून ठेवली. मग कोयता घेतला आणि इथं आली, या आंब्यापाशी. मनगटाएवढा जाड बुंधा होता वेलीचा. "तुझं नाव दिलं होतं त्याला," ती म्हणाली, "कशासाठी दिलं होतं?" आणि जमिनीपासून हातभर उंचीवर तिनं वेल तोडली. घाव मारत राहिली. बुंधा तुटून पडला तरी मारत राहिली, असं सांगतात. घरी जाऊन भैरोबाचा भंडारा उचलला आणि शपथ घेतली, की माझ्या उंबरठ्याच्या आत त्याचं नाव पुन्हा निघणार नाही. निघालं तर हे घर बसेल.

मग ती सुनेकडं वळली. "कुंकू पूस."

"ते येतील, आत्याबाई."

"पूस म्हणते ना."

हौसानं पुसलं नाही. त्या दिवसापासून दोघी एका चुलीवर रांधत होत्या, एका तव्यावरची भाकरी खात होत्या, पण एकमेकींशी बोलत नव्हत्या. एकीला वाटायचं तो गेला, म्हणून ती नाव घेत नव्हती. दुसरीला वाटायचं तो आहे, म्हणून ती नाव घेत नव्हती. घरात जातं फिरायचं, पावसाची धार वळचणीला लागायची, ठमी मध्येच "बाबा" म्हणायची आणि दोघी आपापल्या कामाकडं बघायच्या. बाहेरून आलेल्याला वाटायचं, हे घर पाण्याखाली आहे.

गावाचं म्हणाल तर गाव हौसाला बोल लावत होतं. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवेना. नाव घे गं, असं तिला कुणी म्हणेना. तुम्हांला ठाऊक असेल, उखाण्यात नाव घेतलं तर दोष लागत नाही. कुणीतरी दार अडवून मागितलं, की बाईला नवऱ्याचं नाव घ्यायची तेवढीच एक मुभा. पण मागायला तर कुणी हवं ना? आणि मागतात ते सवाष्णीकडं. हिला गाव सवाष्ण मानत नव्हतं.

भादवा सरला, अश्विनाचं ऊन पडलं. ते ऊन वाईट. आम्ही आजही त्या दिवसांत दही खात नाही, उन्हात उघड्या डोक्यानं फिरत नाही. त्या वर्षी गावातली पोरं तापानं फणफणली. दिवसाआड हुडहुडी, मग घाम, मग पुन्हा हुडहुडी. आया पोरांना खांद्यावर घेऊन भिवराईच्या दारात यायच्या. भिवराई म्हणायची, "घरातला हात गेला, औषध गेलं." आणि आत निघून जायची. मागच्या दारानं हौसा त्यांना धन्याचं पाणी द्यायची, तांदळाची पेज कशी करायची ते सांगायची, सुंठीची चिमूट द्यायची. त्यानं पोरं जरा शांत व्हायची, दोन घास खायची. ताप मात्र हटेना. कुणी शहाण्यानं दुसरीकडची वेल तोडून आणली, न बोलावता. पोरांनी तो काढा होता तसा ओकून टाकला.

मग एके दिवशी ठमी तापली.

हौसानं तिला पेज दिली, पेज पोटात राहीना. पाण्यात भिजवलेलं फडकं कपाळावर ठेवलं, तर ते भाकरीसारखं तापून निघायचं. पोरगी डोळे अर्धवट मिटून पडायची आणि मध्येच हसायची. कुणाला तरी बघून हसल्यासारखी. म्हणायची, "आई, बाबा वेलीवर बसलाय." तिला काय करायचं ते ठाऊक होतं. अगदी सगळं ठाऊक होतं, एक शब्द सोडून. तो शब्दही ठाऊक होता, फक्त तोंडातून काढायचा नव्हता. काढला आणि त्यांचं आयुष्य तुटलं तर? नाही काढला आणि पोर गेली तर?

तिन्हीसांजेला ती हळदीकुंकवाचं तबक घेऊन इथं आली. त्या वेळी इथं दगड नव्हता, नुसती वाट होती. वेलीचा खालचा बुंधा वाळून काळा पडला होता. मधे हातभर पोकळी, आणि वर सगळा पसारा अधांतरी. हौसानं वर पाहिलं नाही. तिनं काळ्या बुंध्याला हळदीकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, आणि आवतण दिलं. कसं दिलं असेल?

"अहो," ती म्हणाली, "ऐकलंत का? ठमी तापलीय. उद्या घरी या."

बघा आता. वेलीला अहो म्हणाली. आमच्या बायका इथं आल्या की अजून हसतात आणि हसता हसता डोळे पुसतात. त्या आधीही तिनं तसंच केलं होतं म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी कांडी नेऊन काढा केला होता. गुण आला नाही. अहो हे काय नाव आहे होय? अहो म्हटलं तर गावातला कुठलाही बाप्या वळून बघेल. वेलीला कसं कळावं तिलाच बोलावलंय म्हणून?

"अहो," हौसा पुन्हा म्हणाली. मग तिचा धीर सुटला. बुंध्यापाशी बसून ती रडत रडत म्हणत राहिली, "अहो, या ना. अहो."

मागं भिवराई उभी होती. सून रोज तिन्हीसांजेला कुठं जाते ते बघायला ती आली होती. आधी तिला वाटलं, पोरगी भ्रमिष्ट झाली, मेल्या माणसाला हाका मारतेय. मग तिच्या हातातलं तबक दिसलं, अक्षता दिसल्या, आणि भिवराईला कळलं की हे आवतण आहे. तिनं स्वतः उभा जन्म दिलेलं आवतण. अशा वेळी माणूस नजर चुकवायला वर बघतो, तसं तिनं वर पाहिलं.

वर वेल हिरवी होती.

मुळापासून तोडलेली, महिनाभर अधांतरी राहिलेली वेल, आणि पान अन् पान टवटवीत. तिनं वरून बारीक बारीक दोर सोडले होते, हातमागाच्या सुतासारखे. काही वाऱ्यावर हलत होते. आणि एक दोर खाली येत येत बुंध्याच्या बाजूला मातीला टेकला होता. भिवराईनं जवळ जाऊन तो बोटात धरला, हळूच ओढून बघितला. तो सुटला नाही. त्यानं मूळ धरलं होतं.

मग भिवराई वळली, उतारावर हा दगड पडला होता त्याच्यापाशी गेली आणि त्याला ढकलू लागली. हौसा घाबरून उठली. तरणी असून तिला तो हलला नसता. म्हातारीनं तो लोटत, ओढत, नखं फुटेपर्यंत ओढत आणला, वाटेवर आडवा टाकला आणि पलीकडच्या बाजूला हात पसरून उभी राहिली. वेलीच्या आणि सुनेच्या मधे. तबकातलं कुंकू चिमटीत घेतलं आणि हौसाच्या कपाळावर, होतं त्याच्यावरच, ठसठशीत लावलं.

"नाव घे," भिवराई म्हणाली, "मगच आत सोडीन."

कितीतरी दिवसांनी सासू बोलली होती आणि हे बोलली होती. "आत्याबाई, इथं दार कुठंय? घर कुठंय?"

"माझ्या घराच्या उंबरठ्याच्या आत त्याचं नाव निघायचं नाही, शपथ आहे. हा त्या घराचा उंबरठा नाही, दुसरा आहे. सासूनं दार अडवलं की सुनेला नाव घ्यावंच लागतं. त्यानं कुणाचं आयुष्य कमी होत नाही."

"तुम्हीच हाक मारा ना. तुम्ही आई आहात, तुम्हांला कसला दोष?"

"मी हाक मारीन गं," भिवराई म्हणाली, "पण ओ आली नाही तर? माझा पोरगा दुसऱ्यांदा जाईल. तू कुंकू पुसलं नाहीस. तू मार हाक."

हौसानं पदर सारखा केला. सूर्य डोंगराआड गेला होता, उजेड मात्र अजून होता, पिवळा, पातळ, सगळं दुसऱ्याच कुणाच्या आठवणीतलं असावं तसा. दगडापाशी उभी राहून, खाली मान घालून, नव्या नवरीनं घ्यावं तसं तिनं नाव घेतलं.

"मुळाशी तोडली वेल, तरी वर पान हलतं,
अमृताचं नाव घेते, माझं कुंकू बोलतं."

आणि ओ आली.

कुठून आली यावर आमच्या गावात दोन पक्ष आहेत, आणि लग्नाकार्यात अजून वाद घालतात. कुणी म्हणतं, वेल बोलली. सगळे दोर एकदम थरारले आणि त्यातून ओ निघाली, मोठ्या भांड्यात बोललं की येते तशी. कुणी म्हणतं, ती खालून आली, घाटाखालून, लांबून, माणूस वाट चढताना हाकेला देतो तशी. हौसाला विचारलं तर ती म्हणे फक्त हसायची. भिवराई सांगायची, "मला ऐकू कमी येतं. पण तेवढी ओ मी ऐकली."

मग भिवराई दगडावरून बाजूला झाली. हौसा दगड ओलांडून आत गेली, रानातच पण आत, आणि वेलीला म्हणाली, "अमृता, उद्या आमच्या घरी ये. ठमीला बरं नाही." आता ती वेलीला हाक होती, त्यात अडखळायला काही नव्हतं. तांबडं फुटताना सासूसुना दोघी येऊन कांडी घेऊन गेल्या. ज्या दोरानं माती धरली होती त्याला भिवराईनं काट्याकुट्यांचं कुंपण घातलं.

काढा झाला. ठमीनं तोंड वेडंवाकडं केलं, गूळ मागितला, आणि काढा पोटात ठेवला. घाम सुटला, ताप उतरला, संध्याकाळी तिनं आंबील मागून घेतली. मग गावातली बाकीची पोरं. दारात पुन्हा रांग लागली आणि हौसा प्रत्येकीला आधी विचारायची, "काल काय दिलंत याला खायला?" आया म्हणायच्या, बाई, हे तर अगदी त्याचंच बोलणं.

तुम्ही विचाराल, तो परत आला का. सगळे विचारतात. घाटाची वाट पुन्हा बांधायला बरीच वर्षं गेली. काही म्हणतात, वाट झाली तसा तो आला, लंगडत, दाढी वाढवून. काही म्हणतात, आलाच नाही. मला माझ्या सासूनं हे सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. हौसा म्हातारी होईपर्यंत कपाळाला कुंकू लावत होती आणि करंबाळ्यात कुणाची छाती झाली नाही तिला काही बोलायची, एवढं मात्र सगळे सांगतात. सासूसुनेनं त्या वेलीला अखेरपर्यंत घरात कारभारीच म्हटलं, कारण घरातली शपथ घरात पाळायची होती. त्यांचं ऐकून ठमी म्हणू लागली, ठमीचं ऐकून गाव.

आता उगीच गैरसमज नको. पोर तापलं तर आम्हीही आधी खालच्या दवाखान्यात नेतो, सुई टोचून घेतो. इथं येऊन वेलीचं पान खाऊन बरे व्हाल असं मी कुणाला सांगत नाही. पण घरचं खाणंपिणं, ऋतू बघून जेवणं, आणि तोडायच्या आधी विचारणं, एवढं गावानं सोडलेलं नाही. शेजारच्या गावांत मुळ्या ओरबाडून पोती भरून नेतात, तिथं आता डोंगर उघडा पडलाय. आमच्याकडं अजून आवतण द्यावं लागतं, आणि आवतण द्यायला वेळ लागतो, म्हणून झाडं टिकलीत.

आजही घटस्थापनेच्या आदल्या सांजेला सगळं करंबाळे इथं येतं. सासवा पलीकडं हात पसरून उभ्या राहतात, सुना अलीकडं. पण नाव घ्यायला फक्त सुनांनाच अडवतात असं नाही. सगळ्या बायकांना अडवतात. नवरा असलेल्या, नवरा गेलेल्या, नवरा टाकून गेलेल्या. कुणाचंही कपाळ बघत नाहीत. कुणी नवऱ्याचं नाव घेते, कुणी गेलेल्या लेकाचं, एखादी लांब दिलेल्या बहिणीचं. नाव उच्चारलं की सगळं गाव, बाप्ये, बाया, पोरं, एका आवाजात ओ देतं. ती ओ डोंगरावर जाऊन परत येते. मग त्या बाईला आत सोडतात आणि ती वेलीला आवतण देते.

माझे हे गेले त्याला पुष्कळ वर्षं झाली. पहिल्या वर्षी मी येणारच नव्हते. घरात दार लावून बसले होते. जावा येऊन घेऊन आल्या, अक्षरशः दंडाला धरून. या दगडापाशी माझी सासू उभी होती, हात पसरून, वाकलेली. मुलगा तिचाच गेला होता. म्हणाली, "नाव घे, मगच आत सोडीन." मी घेतलं. आणि तिनं सगळ्यांच्या आधी ओ दिली.

आता मला या वेलीच्या चार कांड्या बोलवायच्यात, नातवाला सर्दी झालीय. एकटीनं नाव घेता येत नाही. तेव्हा तुम्हीच उठा, असे पलीकडं जा, दगडावर पाय न देता. हात पसरा. हां, तसे. आता मला विचारा. आणि मी नाव घेतलं की ओ द्यायला विसरू नका.